त्वचेची निगा: काय लावायचं, किती लावायचं आणि किती दिवस

मलम लावून तीन आठवडे झाले, फरक नाही, म्हणून दुसरं आणलं. त्यानंही काही होईना, म्हणून तिसरं. त्वचेच्या तक्रारींत हे चक्र सर्रास दिसतं, आणि दोष दर वेळी मलमाचाच असतो असं नाही. कधी ते गरजेच्या निम्म्यानंही लावलेलं नसतं, कधी गुण यायच्या आधीच बंद केलेलं असतं, तर कधी भलत्याच आजारावर चोळलेलं असतं. म्हणून आधी मापाबद्दल बोलू.

माप: एक पेर

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढा. ट्यूबचं तोंड नेहमीसारखं, म्हणजे साधारण ५ मिमी असेल, तर हे मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं. एवढ्या मलमात बोटांसकट दोन पंज्यांएवढी जागा नीट झाकली जाते. लहान मुलाला लावायचं असेल तरी मोजायला बोट मोठ्या माणसाचंच घ्यायचं.

प्रौढांसाठी हिशेब साधारण असा: चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, एका हाताला तीन, पंज्याला एक, एका पायाला सहा, पावलाला दोन, छाती-पोटाला सात आणि पाठीला सात. सगळं अंग एकदा झाकायचं तर चाळीसेक पेरं लागतात, म्हणजे २० ग्रॅम. कोरड्या, खाजऱ्या अंगाला दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावायला सांगितलं असेल, तर आठवड्याला पाव किलोच्या वर संपायला हवं. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, तर ते अंगाला लागलंच नाही असं समजा.

हे माप मॉइश्चरायझरला आणि बहुतेक औषधी मलमांना चालतं. दोन गोष्टी मात्र या मापात बसत नाहीत. सनस्क्रीन लोक फार कमी लावतात आणि रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली औषधं) फार जास्त. दोन्हींचं पुढे येईलच.

धुणं आणि ओलावा

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थांचा गिलावा. हा गिलावा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड यांचा असतो. आतलं पाणी तोच धरून ठेवतो आणि बाहेरची रसायनंही तोच अडवतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. धुतल्यावर चेहरा ‘स्वच्छ, ताणल्यासारखा’ वाटतो, तो ताण म्हणजे गिलावा निघून चालल्याची खूण.

चेहरा दिवसातून दोनदा धुतला की पुरे. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी चालतं. अंगाला साबण सगळीकडे फासायची गरज नाही. काखा, जांघा आणि पावलं एवढ्या जागांना लावा, बाकी अंगावरून पाणी वाहिलं की भागतं. पाणी कोमट हवं आणि आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकलेली बरी. कडक पाण्यानं खाज क्षणभर शमते, आणि तासाभरात दुप्पट होऊन परत येते.

आंघोळीनंतर अंग खसाखसा पुसू नका. टॉवेलनं टिपून घ्या आणि अंग किंचित दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. कोणतं? ग्लिसरीन, युरिया आणि हायल्युरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली पाण्याला वरून उडू देत नाही, आणि या कामात तिच्या तोडीचं फारसं काही नाही. चांगल्या क्रीममध्ये दोन्ही प्रकार असतात. नुसतं पाणी धरणारं पातळ सीरम कोरड्या हवेत लावून वर काहीच लावलं नाही, तर त्वचा आणखी ओढल्यासारखी वाटू शकते. इसबाच्या त्वचेला वासाचं क्रीम नको, मग लेबलवर ‘नैसर्गिक सुगंध’ लिहिलेलं असो वा नसो.

टाचांच्या भेगांचा उपाय मॉइश्चरायझरचाच, फक्त जरा दमदार. पावलं दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा, मृत कातडीवरून खरखरीत दगड हलक्या हातानं फिरवा. मग १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम लावून वर मोजे घालून झोपा. भेग खोल असेल आणि रक्त येत असेल, तर युरिया सणकून झोंबतं. अशा वेळी आठवडाभर नुसती पेट्रोलियम जेली लावा, भेग बुजली की युरियाकडे वळा. पावलांना बधिरपणा असेल किंवा मधुमेह असेल, तर दगड आणि ब्लेड दोन्ही दूर ठेवा.

सनस्क्रीन: हिशेब कुठे चुकतो

वयानं त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिला घट्टपणा देणारं कोलेजन हळूहळू घटतं. ते थांबवता येत नाही. पण चेहऱ्यावर आपण ज्याला ‘वय’ म्हणतो, म्हणजे डाग, असमान रंग, चिवट सुरकुत्या, त्यातला बराच भाग उन्हाचा असतो. खात्री करायची तर दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा पाहा आणि मग मनगटाजवळची. दोन्हींचं वय एकच आहे.

उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते. यूव्हीए किरण त्याहून खोल जातात, कोलेजन तोडणाऱ्या विकरांना जागं करतात, आणि खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ ही अक्षरं, ‘पीए’ या अक्षरांनंतरची अधिकाची चिन्हं किंवा गोलात लिहिलेलं यूव्हीए बघायचं.

हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन काढलेले असतात. रोजच्या वापरात लोक त्याच्या निम्मं किंवा पावपट लावतात. त्यामुळे डबीवर ५० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर ५० नसतं.

चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत, दोन पूर्ण रेघा घ्या. एकदम फासलं तर पांढरं दिसतं आणि हात आपोआप आखडतो. म्हणून एक रेघ आधी लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसरी. कान, मानेच्या बाजू, केसांच्या कडेची पट्टी आणि हातांची पाठ या जागा हमखास सुटतात. बाहेर पडण्याच्या १५ मिनिटं आधी लावा. उघड्यावर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम आला किंवा पोहून आलात तर लगेच. दिवसभर आत, खिडकीपासून लांब बसणाऱ्यांनी दर दोन तासांची शिस्त पाळायची गरज नाही.

सनस्क्रीनच्या गुठळ्या होऊन सुटत असतील, तर खालचं क्रीम वाळलेलं नाही किंवा त्यात सिलिकोन जास्त आहे. डोळ्यांत उतरून झोंबत असेल, तर डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन वापरा. वांग असलेल्यांनी रंग असलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. बिनरंगी सनस्क्रीनमध्ये ते नसतं.

रेटिनॉइड: हळू सुरू करा, मग सोडू नका

वयाच्या खुणांवर लावायच्या औषधांत सगळ्यात जास्त पुरावा रेटिनॉइडचा आहे. त्यातलं ट्रेटिनॉइन आधी मुरमांसाठी आलं. १९८६ साली अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हानं खराब झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम दाखवला, तेव्हापासून ते सुरकुत्यांसाठीही वापरलं जातं. त्वचेत नवं कोलेजन तयार व्हायला ते मदत करतं आणि वरच्या थराची उलाढाल सुधारतं. रेटिनॉल हा त्याचा सौम्य भाऊबंद. त्वचेत गेल्यावर त्याचं दोन टप्प्यांत ट्रेटिनॉइनच बनतं, म्हणून जळजळ कमी आणि गुणही सावकाश. कोलेजनचं क्रीम विकत घेऊन मात्र कोलेजन वाढत नाही. तो रेणू इतका मोठा असतो की वरचा थर ओलांडून आत जाऊच शकत नाही. अशा क्रीमचा काही उपयोग झालाच, तर तो मॉइश्चरायझर म्हणून.

सुरुवात कमी ताकदीनं करा: रेटिनॉल ०.२ ते ०.३ टक्के, ॲडापेलीन ०.१ टक्के, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलं तर ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के.

१. रात्री चेहरा सौम्य क्लेन्झरनं धुऊन टिपा आणि १५-२० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेत औषध भसकन आत जातं आणि जळजळ वाढते.

२. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे कोपरे इथे पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. औषध या खाचांत साचतं आणि कातडी सगळ्यात आधी इथेच सोलवटते.

३. अख्ख्या चेहऱ्याला एका वाटाण्याएवढं औषध. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. एकेका डागावर किंवा फोडावर लावू नका.

४. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर औषधाच्या आधीही एक पातळ थर द्या. गुण थोडा सावकाश येईल, पण औषध मध्येच सोडून देण्यापेक्षा ते बरं.

५. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, पुढचे दोन एक रात्र आड, आणि सोसत असेल तर त्यानंतर रोज. काही त्वचा एका रात्रीआडच्या पुढे कधीच जात नाही. तेवढ्यानंही काम होतं.

साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कातडी सुटते, थोडी लाली येते, तोंड धुताना चुणचुणतं. बहुतेक जण इथेच सोडतात. चार-पाच रात्री औषध बंद ठेवून नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरू करा. खाज सुटून सूज आली, बारीक पाण्याचे फोड उठले किंवा जिथे लावलंच नाही तिथेही पुरळ पसरलं, तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा पायऱ्या मोजत बसू नका, औषध बंद करून डॉक्टरांना दाखवा.

त्याच रात्री ग्लायकोलिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड किंवा स्क्रब नको. वॅक्सिंगच्या आठवडाभर आधी औषध थांबवा, नाहीतर केसांबरोबर कातडीही निघते. गरोदरपणात, किंवा दिवस राहण्याची तयारी चालू असेल तर, रेटिनॉइड कोणतंही नको.

त्वचेचा पोत दोनेक महिन्यांत मऊ लागतो. डाग फिकट व्हायला तीन-चार महिने, बारीक सुरकुत्यांना सहा महिने किंवा जास्त. खोल घड्या आणि सैल पडलेली हनुवटी यांना मलमानं काही होत नाही, कितीही महाग घेतलं तरी.

सकाळी व्हिटॅमिन सी लावायचं असेल तर लावा, पण बाटली उघडल्याची तारीख लिहून ठेवा. सीरम गडद तपकिरी झालं की ते ऑक्सिडाइझ झालं, टाकून द्या.

मुरूम

मुरूम घाणीमुळे येत नाहीत, म्हणून चोळून धुण्यानं जातही नाहीत. तेल जास्त सुटतं, रोमछिद्राचं तोंड पेशींनी बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि दाह होतो. सौम्य मुरमांना रात्री ॲडापेलीन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड ही जोडी चांगली. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्केच घ्या. १० टक्क्यांचं साधारण तेवढंच काम करतं आणि भाजतं मात्र जास्त. टॉवेल, उशीचे अभ्रे आणि गडद कपड्यांचा रंग ते हमखास उडवतं. अँटिबायोटिकची जेल एकटी, महिनोन् महिने लावू नका. जिवाणू तिला सरावतात. फोडांवर नाही, तर जिथे ते येतात त्या सगळ्या भागावर औषध लावायचं, आणि गुण येतो की नाही हे आठ ते बारा आठवड्यांनी ठरवायचं. गाठीसारखे खोल, दुखरे फोड असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर घरी वेळ घालवू नका. खड्डे भरून काढणं फार अवघड असतं.

वांग, गोरेपणाचं क्रीम आणि स्टेरॉइड

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर नकाशासारखे तपकिरी पट्टे उमटतात, तो वांग. त्याचा पाया सनस्क्रीन. ते नसेल तर बाकी सगळं वाया. त्यावर अझेलाइक ॲसिड १५ ते २० टक्के महिनोन् महिने लावता येतं, गरोदरपणातही ते चालणारं मानलं जातं. हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक महिन्यांपुरतंच. वर्षानुवर्षं चोळलं तर त्वचेवर निळसर-काळी, न जाणारी छटा बसू शकते.

खरा धोका तिहेरी क्रीमचा. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून ट्यूब हाती राहते, मग मैत्रिणीला सांगितली जाते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पुटकुळ्या येतात. आणि क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते, त्यामुळे माणूस पुन्हा तेच लावतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांतलं काहीही असेल, तर ते मलम स्वतःच्या मनानं चेहऱ्यावर लावायचं नाही. महिनोन् महिने लावून झालं असेल, तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कसं सोडायचं ते त्यांना ठरवू द्या.

गजकर्ण की इसब

गोल चट्टा, कडा उंच आणि खवलेदार, मधला भाग निवळलेला, आणि चट्टा बाहेरच्या बाजूनं वाढतोय, तर गजकर्णाचा संशय घ्या. दोन्ही कोपरांच्या किंवा गुडघ्यांच्या घड्यांत, कड नसलेला, कोरडा, खाजवून जाड झालेला भाग बहुधा इसबाचा. हा फरक महत्त्वाचा, कारण इसबाला स्टेरॉइड लागतं आणि गजकर्णावर तेच स्टेरॉइड चोळलं, तर दोन दिवसांत खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. कड पुसट होते, चट्ट्यात चट्टा उठतो, आणि मग ओळखणंही कठीण. बुरशीनाशक आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून घेतलं जातं. ते घेऊ नका.

गजकर्णाला टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोलसारखं साधं बुरशीनाशक, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, कोरड्या त्वचेवर. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवा. लवकर थांबवलं तर तो बऱ्याचदा उलटतो. आतले कपडे आणि टॉवेल रोज बदला, टॉवेल कुणाला देऊ नका, घरात आणखी कुणाला चट्टा असेल तर उपचार एकदमच करा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत, दोन्हीकडे असेल तर आधी मोजे घाला आणि मग अंतर्वस्त्र. उलट केलं तर पायाची बुरशी कापडाबरोबर वर चढते.

चट्टा कुठेच नाही, पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, बेंबीभोवती बारीक फोड आहेत, रात्री खाज असह्य होते आणि घरात दुसऱ्यालाही सुटली आहे, तर ती खरूज. परमेथ्रिन ५ टक्के मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो वा नसो. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, तेवढ्यासाठी औषध पुन्हापुन्हा लावू नका.

कोंड्याला केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू. तो केसांना नाही, टाळूला लावायचा, आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. लगेच धुतला तर फुकट. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, मग आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा.

मानेवर किंवा काखेत मखमली काळसरपणा आला असेल, तर घासू नका. तो मळ नसतो. बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. रक्तातली साखर तपासून घ्या.

वाट न पाहता दाखवायच्या गोष्टी

तीळ किंवा डाग दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कड वेडीवाकडी, एकाच डागात दोन-तीन रंग, ६ मिमीपेक्षा मोठा, किंवा काही महिन्यांत बदललेला. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. महिनाभर न भरणारी, पुन्हापुन्हा खपली धरून रक्त येणारी जखम. तापाबरोबर अंगभर पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं. नवीन गोळी सुरू केल्यावर असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गडद त्वचेच्या लोकांत मेलेनोमा हा कर्करोग क्वचित होतो, पण झालाच तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो, आणि तिथे कुणी बघत नाही. एकाच नखात नव्यानं उमटलेली, रुंद होत चाललेली काळी पट्टी, आणि तो काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला दिसला, तर लागलं असेल म्हणून नख वाढायची वाट पाहू नका.